मातीचा ट्रॅक आणि दर आठवड्याची शर्यत

नालासोपारा फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. आठवडाभर क्लच प्लेट, टायमिंग चेन, ब्रेक लायनर. आणि दिवाळी उलटली की जमेल तेव्हा मातीवरच्या शर्यतींना मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडा धरून उभं राहायला जायचं, कधी पुण्याला, कधी नाशिकला. गॅरेजवर येणारी पोरं हल्ली अमेरिकेतल्या स्प्रिंट कारचे व्हिडिओ दाखवतात. उघड्या चाकांची, डोक्यावर भलामोठा पंख लावलेली गाडी मातीच्या गोल ट्रॅकवर आडवी होऊन वळते आणि मागे मातीचा फवारा उडतो. ‘काका, तिकडे दर शनिवारी होतं हे. आपल्याकडे का नाही?’ असं विचारतात.

प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे. वसई-विरार पट्ट्यात मातीचा एक छोटा ट्रॅक हवा आणि त्यावर हंगामात दर आठवड्याला शर्यत व्हायला हवी. स्प्रिंट कार मात्र इतक्यात नको. इतकी वर्षं झेंडा हातात धरून जे शिकलो, त्यावरून हे म्हणतो आहे.

१. आधी पाणी, मग गाडी

मातीची शर्यत आदल्या रात्री सुरू होते. टँकरनं पाणी मारायचं, ते मुरू द्यायचं, पहाटे रोलर फिरवायचा, ऊन चढायच्या आत पुन्हा हलका शिडकावा करायचा. ट्रॅक तयार झाला की नाही, हे बघायची रीत सोपी आहे. वळणावरची मूठभर माती घ्यायची आणि आवळायची. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटानं दाबल्यावर त्याचे दोन तुकडे झाले, तर माती जमली. बोटाला चिकटली तर अजून ओली आहे, गाड्या घसरतील. भुगा होऊन पडली तर दोन फेऱ्यांत धूळ उठणार.

धुळीकडे प्रेक्षक फक्त कपड्यांच्या अंगानं बघतात. मार्शलच्या लेखी धूळ म्हणजे आंधळेपणा. पुढचा पडला तर मागून येणाऱ्याला तो दिसत नाही, माझ्या हातातला पिवळा झेंडाही दिसत नाही. मी पाहिलेले बरेचसे वाईट अपघात वेगामुळे झाले नव्हते, दुपारच्या सत्रात पाणी मारायचा कंटाळा केल्यामुळे झाले होते. म्हणून एखाद्या नव्या मैदानाचे संयोजक भेटले की मी बक्षिसाची रक्कम विचारत नाही, टँकर किती ठरवले ते विचारतो.

आपल्याकडच्या मातीचा वेगळा विचार करावा लागतो. महामार्गाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याला मुरूम मिळतो. पाण्याचा निचरा छान होतो, पण त्यात खडे असतात आणि उघड्या चाकाखाली आलेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा गर्दीत येतो. मुरूम चाळून घेतल्याशिवाय वरच्या थरात वापरू नये. अमेरिकेतले नावाजलेले ट्रॅक चिकणमातीचे असतात. ती ओल धरते, चाकांखाली दाबली जाऊन कठीण होते आणि शर्यत पुढे सरकते तशी पकड बदलत जाते. चालक सुरुवातीला आतल्या कडेनं जातो आणि नंतर बाहेरच्या कडेला साचलेल्या मातीच्या वरंब्याला टेकून वळतो. मातीच्या शर्यतीची खरी गोडी या बदलण्यात आहे. डांबरावर ती मिळत नाही.

आणि पाणी कुठलं वापरायचं? इथल्या कितीतरी इमारतींत आजही नळाला पाणी यायची वाट बघावी लागते. अशा शहरात पिण्याचं पाणी ट्रॅकवर ओतणं मला पटणार नाही. विरारला बोळिंज येथे महापालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. ट्रॅकसाठी प्रक्रिया केलेलंच पाणी वापरायचं, ही अट पहिल्या दिवसापासून लिहून घ्यावी.

२. मोकळी दिसते ती प्रत्येक जागा रिकामी नसते

ट्रॅकचा विषय निघाला की कुणीतरी मिठागरांकडे बोट दाखवतं. सपाट, मोकळी, शिवाय स्टेशनपासून जवळ. पण खाजण आणि मिठागर ही आपल्या पावसाच्या पाण्याची जागा आहे. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, लोकल बंद पडल्या आणि मिठागरात राहणारी माणसं अडकली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडण्यावर बंदी कायम केली आणि त्यांच्या भोवती ५० मीटरचा पट्टाही राखून ठेवायला सांगितला. तिथे भराव घालून ट्रॅक करावा, असं म्हणणाऱ्याबरोबर मी बसणार नाही. भुईगाव, राजोडी, कळंबच्या वाळूवर गाड्या पळवण्याचंही तेच. तो किनारा फिरायला आलेल्या कुटुंबांचा आणि मच्छीमारांचा आहे.

मला योग्य वाटते ती पूर्वेकडची एखादी बंद पडलेली दगडखाण. तीन बाजूंनी उभा कातळ असल्यानं आवाज आत राहतो आणि गाडी बाहेर जात नाही. मात्र तुंगारेश्वर अभयारण्य तिथून जवळ आहे, त्यामुळे जागा वन विभागाला विचारूनच ठरवावी लागेल. पावसाळ्यात ट्रॅक बंद ठेवायचा, यात दुमत नको. नोव्हेंबर ते मे हा आपला हंगाम. परीक्षा आणि सणवार वगळले तरी पुरेसे रविवार उरतात.

३. आठवड्याची शर्यत आपल्याला नवी नाही

आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल हे स्प्रिंट कारवाल्यांचं पंढरपूर. गाव लहान, ट्रॅक अर्ध्या मैलाचा, आणि हंगामात शनिवारी रात्री शर्यत ठरलेली. १९६१ पासून तिथे ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शर्यत भरते. पण हा ट्रॅक उभा आहे तो जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर, आणि तिथे मोटारींच्या आधी घोडे धावत होते. अमेरिकेतल्या अनेक जुन्या मातीच्या ट्रॅकची गोष्ट अशीच आहे. आधी जत्रा, मग घोडे, त्यानंतर मोटारी.

हे वाचल्यावर मला आपली बैलगाडा शर्यत आठवते. तिच्या पद्धती भागाभागानं वेगळ्या: पुणे जिल्ह्यात घाट, सातारा-सांगलीकडे गट, सेमी आणि फायनल, आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यात बिनजोड. माणसं टेम्पोतून बैल घेऊन येतात, नाव नोंदवतात, आपला नंबर येईपर्यंत सावलीत बसतात. निवेदक सकाळपासून संध्याकाळपर्यंत माइक सोडत नाही आणि बैलाच्या नावासोबत मालकाचं, गावाचं, कधीकधी आजोबांचंही नाव घेतो. आपलं नाव लाउडस्पीकरवर ऐकण्यासाठी माणूस आठवडाभर राबतो. मोटारींच्या शर्यतींत मला नेमकी ही गोष्ट कमी दिसते. तिथले बोर्ड कंपन्यांचे, निवेदन इंग्रजीत, आणि पिटमध्ये रात्रभर जागलेल्या मिस्त्रीचं नाव कुणी घेत नाही. वसईच्या ट्रॅकवर निवेदन मराठीत व्हावं आणि चालकाबरोबर त्याच्या मिस्त्रीचंही नाव घेतलं जावं.

बैलगाड्याच्या वाटचालीतून दुसरंही एक शिकण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक हजर लागतो, चाबूक चालत नाही, धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही. खेळाला नियम आधी लागले असते, तर इतकी वर्षं वाया गेली नसती. मोटारींच्या बाबतीत आपल्याला ही संधी आहे. नियम आधी, मैदान नंतर.

४. गाडी परवडली तरच आठवडा परवडतो

आता स्प्रिंट कारबद्दल. पोरांना ती का भुरळ घालते, ते मला कळतं, कारण मलाही घालते. वरच्या वर्गातल्या गाडीचं इंजिन ४१० घनइंचाचं, म्हणजे साधारण ६.७ लिटरचं, ताकद सुमारे ९०० अश्वशक्ती. आणि चालकासकट वजन सुमारे १४०० पौंड, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आतबाहेर. आपली जुनी मारुती ८०० जवळपास तेवढ्याच वजनाची होती आणि तिचं इंजिन चाळिशीलाही न पोचणारी अश्वशक्ती द्यायचं. डोक्यावरचा पंख गाडीला मातीवर दाबून धरतो, म्हणून एवढी ताकद चाकांना पेलवते. गाडीला स्टार्टर नाही, क्लच नाही, नेहमीचा गिअरबॉक्स नाही. मागून दुसऱ्या गाडीनं ढकलून ती चालू करायची. इंधन मेथॅनॉल. त्याची ज्वाला दिवसाउजेडी धड दिसतही नाही. चालक होरपळतो आणि आजूबाजूच्यांना आग लागल्याचं उशिरा कळतं. त्यासाठी वेगळं शिकवलेलं अग्निशमन पथक हाताशी लागतं.

खर्चाचं तर विचारूच नका. नुसतं इंजिन पन्नास लाखांच्या घरात जातं आणि हंगामात ते पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. अशी गाडी आपल्या पट्ट्यात कोण आणणार? दोघं-तिघं आणतील. दोन-तीन गाड्यांचा देखावा होतो, शर्यत होत नाही. पहिल्या रविवारी तोबा गर्दी जमेल, चौथ्या रविवारी कुणी फिरकणार नाही.

शर्यत दर आठवड्याला चालवायची तर गाडी अशी हवी, की रविवारी मोडली तर बुधवारपर्यंत आपल्याच गॅरेजात उभी राहील. याचं उत्तम उदाहरण आपल्या देशातच आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून एका चालकाची फॉर्म्युला मारुती तयार केली. सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळणारे, गाड्या सगळ्यांच्या सारख्या. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीत बसला होता. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, पण दक्षिणेत मोटर रेसिंग रुजलं त्यात त्यांच्या स्वस्त गाडीचा वाटा फार मोठा आहे.

अमेरिकेतही पोर थेट ४१० च्या गाडीत बसत नाही. तिथे ६०० सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन आणि चेन लावलेल्या छोट्या स्प्रिंट गाड्यांचा वेगळा वर्ग असतो, लहानपणी त्यात हात बसतो. आपल्यासाठी मी तीन वर्ग सुचवतो. पहिला, साध्या मोटरसायकलींचा. दुसरा, जुन्या छोट्या मोटारींचा, आत पोलादी पिंजरा वेल्ड केलेल्या. तिसरा, मोटरसायकलचं इंजिन बसवलेल्या एका चालकाच्या बग्गीचा. तिसरा वर्ग ऐकून लोकांना अवघड वाटतो, पण २००७ मध्ये पिथमपूरला सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांची मुलं अशाच एका चालकाच्या गाड्या स्वतःच्या हातानं बनवत आली आहेत. वर्षभर खपून बनवलेली ती गाडी स्पर्धा संपली की कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खात पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला दर रविवारी पळायला जागा मिळाली, तर मुलं वर्षाअखेरीस दहापट शिकलेली असतील.

५. शर्यतीकडे पाठ करायची नाही

मार्शलला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. पडलेल्याकडे धावताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे हवं. जोडीनं काम करायचं, एकानं झेंडा दाखवायचा, दुसऱ्यानं जखमीपाशी जायचं. हेल्मेट आपण काढायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत मान हलू द्यायची नाही. पोराला शुद्ध असेल तर त्याच्याशी बोलत राहायचं. तो बहुतेक वेळा गाडीचंच विचारतो.

दर आठवड्याच्या शर्यतीत खरा धोका सवयीचा असतो. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाला सगळे जागे असतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला स्टेडियममध्ये ट्रकांनी माती ओतून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा व्यवस्थेला माणसांची वाण नव्हती. पण सातव्या-आठव्या साध्या रविवारी कुंपणाचा एक खांब वाकलेला राहतो, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं जातं. रुग्णवाहिका एका जखमीला घेऊन गेलेली असते आणि उरलेली शर्यत तशीच सोडतात. माझा आग्रह एवढाच, की मैदानात रुग्णवाहिका नाही तर गाडी सुटणार नाही. मग प्रेक्षक कितीही ओरडोत आणि आमदार, नगरसेवक कुणीही येऊन बसलेले असोत.

स्प्रिंट कारवालेही सुरक्षिततेचा धडा मोठी किंमत मोजून शिकले आहेत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वाच्या मातीच्या ट्रॅकवर २० वर्षांचा एक चालक बंद पडलेल्या गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत आला आणि दुसऱ्या गाडीची धडक बसून गेला. आग नसेल तर गाडीतच बसून राहायचं, मार्शल येईपर्यंत पट्टे सोडायचे नाहीत, हे मी प्रत्येक नव्या पोराकडून तीनदा वदवून घेतो.

६. पोरं पळवणारच आहेत

रात्री महामार्गावर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, असा माणूस विरार ते नायगावमध्ये सापडणार नाही. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली दंड आणि तुरुंग दोन्ही आहेत. मुलगा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. कायदा आहे आणि तो राबवायलाच हवा.

ट्रॅक झाला की रस्त्यावरची पळवापळवी थांबेल, असं आश्वासन मी देणार नाही. काही पोरांना शर्यत नकोच असते, त्यांना बघणारे हवे असतात. पण माझ्या गॅरेजवरच्या ज्या मुलांना मी मातीवर घेऊन गेलो, त्यांच्यात एक बदल मी पाहिला आहे. तीन फेऱ्यांत दोनदा पडलं, की आपल्याला किती येत नाही ते कळतं. एक पोरगा परतल्यावर स्वतःहून पुढचं टायर बदलून घेऊन गेला आणि सायलेन्सर पुन्हा बसवून घेतला. वर्षभर सांगून त्यानं ऐकलं नव्हतं.

७. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय इंजिन चालू करू नये

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. म्हणून रात्रीची शर्यत नको, सायलेन्सर सक्तीचा, आणि संध्याकाळी सहाला मैदान बंद. जवळच्या पाड्यातल्या लोकांना फुकट पास देऊन गप्प करू नये. त्यांच्यातली माणसं मैदानाच्या समितीत हवीत आणि पार्किंग, चहा-नाश्ता, पाण्याचे टँकर ही कामं आधी त्यांना मिळावीत. भाताणे-पारोळच्या बाजूला आदिवासी पाड्यांच्या उशाला आपण असंच काहीबाही नेऊन टाकत आलो आहोत. ते या खेळाच्या नावानं होऊ नये.

८. आता सुरुवात

२०११ मध्ये वसई-विरारची मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर पहाटे पळणारी माणसं मोजकीच होती. आज कुठल्याही पहाटे बाहेर पडा, दिसतील. वर्षातल्या एका दिवसानं आठवड्याची सवय लावली. मातीच्या शर्यतीचंही तसं होऊ शकतं, पण त्याला माणसं आधी तयार लागतात.

म्हणून माझी विनंती अशी. महापालिकेनं आणि जिल्हा प्रशासनानं एक जागा तपासून द्यावी, तीही एका हंगामासाठी, कसून अटी घालून. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाची परवानगी, चालकांचा परवाना आणि विमा याशिवाय एकही गाडी सुटू नये. पहिल्या हंगामात पंधरवड्यातून एक रविवार, फक्त मोटरसायकली आणि जुन्या छोट्या मोटारी. तो हंगाम गंभीर अपघाताशिवाय पार पडला तर दर रविवार आणि बग्गीचा वर्ग. स्प्रिंट कारचा विचार, दहा-बारा बग्गीवाले नेमानं धावायला लागल्यावर.

गॅरेजवाल्या बंधूंनो, कॉलेजातल्या मुलामुलींनो, पहिलं काम गाडी बनवण्याचं नाही. आधी मार्शल व्हा, प्रथमोपचार शिका, एखाद्या पुण्या-नाशिकच्या शर्यतीला दोन दिवस उन्हात झेंडा धरून उभे राहा. तयार असलेले वीस मार्शल या पट्ट्यात झाले, की जागेसाठीचा अर्ज घेऊन आपण सगळे मिळून महापालिकेत जाऊ.